अठरा टनांखालची झोप

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या माजघरात सात भांडी मांडलेली होती. दोन पातेली, एक परात, तीन डबे आणि आजीच्या वेळची पितळी घागर. रात्री पाऊस लागला की प्रत्येकाचा आवाज निराळा. मायला अंधारात पडल्या पडल्या कळायचं कुठलं भांडं भरत आलंय. "परात भरली बग, ऊठ," म्हणायची, आणि परात भरलेलीच असायची.

घर धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. पणजोबांनी बांधलेलं. दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, लिंबाचे खांब, बाभळीच्या तुळया आणि वर माळवद. पुण्या-मुंबईकडच्या लोकांना माळवद म्हटलं की गच्ची वाटते. गच्चीच ती, पण मातीची. तुळयांवर सर म्हणजे बारीक वासे, सरांवर किलचणं म्हणजे आडव्या लाकडी चिपा, त्यांवर काटक्या, पाला, चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. पाणी पन्हाळातून खाली. अंधाऱ्या माजघरात उजेड यावा म्हणून मधोमध एक भोक, त्याला आमच्याकडं सवणं म्हणतात. दुपारी बाराला सवण्यातून उन्हाचा खांब खाली उतरायचा आणि त्यात तरंगणारी धूळ बघत आम्ही भावंडं पाढे विसरायचो.

मी लातूरला नोकरीला, दादा पुण्यात. माय गावात एकटी, आणि ती तिथून हलणार नाही हे आम्ही कधीच मान्य करून टाकलेलं. दिवाळीला दादानं विषय काढला, की आता हे पाडू आणि स्लॅब टाकू. माय म्हणाली, "टाका की. मी गोठ्यात झोपते मग. म्हशीवर तरी माळवद हाय."

तेव्हा मी दादाच्याच बाजूचा होतो, हे सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी माळवदाचं आणि इथल्या हवामानाचं जे काही कौतुक करणार आहे ते जन्मापासूनचं आहे असा कुणाचा समज व्हायला नको. मराठवाड्यात वाढलेला माणूस आपल्या हवामानाचं कौतुक करायला शिकतच नाही. आम्हाला हवामान येतं ते तक्रारीतून. पाऊस आला का, किती आला, कुठं अडकला. बाहेरगावी कुणी विचारलं, "तुमच्याकडं कसं असतं हो?" तर आम्ही "लई ऊन" म्हणून मोकळे होतो. त्यात लातूरकरानं तर बोलूच नये. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हापासून कूलरच्या टाकीत बादली ओतताना माझा हात आखडतो तो अजून.

स्लॅब बारगळला तो पैशामुळं. गवंड्यानं भिंती ठोकून बघितल्या आणि सांगितलं, या मातीच्या भिंतींवर स्लॅबचं वजन नको. भिंती पाडा, पाया खोदा, कॉलम उभे करा, मग बोला. आकडा ऐकून दादा फोनवर बराच वेळ गप्प राहिला. जुनं माळवद उतरवून नवं घालायचं तर त्याच्या चौथाईत भागत होतं. मायला वाटलं आम्ही तिचं ऐकलं. आम्ही तिला तसंच वाटू दिलं.

अडचण एकच होती. माळवद घालणारी माणसं उरलेली नाहीत. फरशी बसवणारे दहा मिळतील, पीओपीवाले वीस. चार गावं फिरल्यावर एक तात्या सापडले, सत्तरी ओलांडलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी आले, शिडीनं वर चढले, हातातली सळई मातीत खुपसली. सळई गेली, गेली, गेलीच. कोपरापर्यंत हात खाली गेल्यावर त्यांनी वर बघितलं. "आरं, हे माळवद कुठलं, हे शेत झालंय. ज्वारी पेर ह्यात."

झालं होतं असं. माळवदाची रीत अशी, की दर उन्हाळ्याच्या शेवटी, मृग लागायच्या आधी, वर उगवलेलं गवत उपटायचं आणि भेगा-भोकं बुजवायला नवी पांढरी माती पसरायची. आमच्या घरात ही रीत चार पिढ्या पाळली गेली. जुनी माती थोडी उतरवायचीही असते, ते मात्र कुणी केलं नाही. वर टाकणं सोपं, खाली आणणं जिवावरचं. दरसाल चार बोटं म्हणता म्हणता वर दोन फुटांचा थर झालेला.

माझा पुतण्या सिव्हिलला आहे. त्यानं मोबाइलवर हिशेब केला. माजघर दहा बाय वीस फूट, थर दोन फूट, म्हणजे चारशे घनफूट. कोरडी दाबलेली माती घनफुटाला पंचेचाळीस किलोच्या आसपास. "काका, अठरा टन." तात्यांनी अठरा टन म्हणजे किती विचारलं. पुतण्या म्हणाला, उसाचा भरलेला ट्रक. तात्या म्हणाले, "अन् वल्ली झाल्यावर?" त्याचा हिशेब पुतण्यानं केला नाही.

मायनं पदर तोंडाला लावला. तिला काय आठवलं ते मला माहीत होतं.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला मी आठ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती पोचवून गाव उशिरा झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मायनं मला दंडाला धरून ओढलं, तेव्हा देवळीतला दिवा खाली पडला होता आणि किलचणांतून माती गळत होती, बारीक, चाळणीतून पीठ पडावं तशी. आमचं घर उभं राहिलं. किल्लारी, सास्तूर आमच्यापासून लांब. तिकडं मात्र दोन-दोन हात जाडीच्या भिंती आणि डोक्यावरची माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. त्यानंतर दिवाळी उलटून गेली तरी आम्ही अंगणात झोपत होतो. सरकारी इंजिनीअर गावोगाव सांगत फिरले, माळवदावरची माती कमी करा. कित्येकांनी माळवदं उतरवून पत्रे टाकले. आमच्या बापूंनी मान डोलावली आणि पुढच्या मृगाआधी नेहमीसारखी माती वर चढवली. गळत होतं ना.

म्हणजे त्यानंतरही एकतीस-बत्तीस वर्षं आम्ही त्या अठरा टनांखाली झोपत होतो. तात्यांशी ठरलं, नवा थर आठ इंचांच्या वर जाणार नाही. सहा टन. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं सुताराकडून तिरपे आधार आणि लोखंडी पट्ट्या ठोकून घ्यायच्या. तात्यांना पट्ट्या पटल्या नाहीत, पण "तुझ्या मायला झोप लागंल" म्हणून चालवून घेतल्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उतरवायला सुरुवात केली. मी पंधरा दिवसांची रजा टाकली होती. ती पुढं किती वेळा वाढवली ते साहेबांना विचारा. चार गडी, मजुरी माणसी सहाशे, सकाळी सहा ते अकरा आणि मग चारनंतर. मधल्या वेळात वर पाय ठेवता येत नाही. मातीतून काय काय निघालं! काचेच्या गोट्या, वीस पैशांचं षट्कोनी नाणं, आजीचा असावा असा अडकित्त्याचा अर्धा भाग, मुंग्यांची वारुळं, आणि तीन विंचू. विंचू निघाला की गडी ओरडायचे, तात्या ओरडणाऱ्याकडं बघायचे. खालच्या थरात माती इतकी कोरडी होती की फावडं मारल्यावर पिठासारखी उडायची. शंभर वर्षं वर पाऊस पडला होता आणि ही माती आत कोरडीठाक. तात्यांनी ती मुठीत घेऊन मला दाखवली. "हिला पाणी लागलंच न्हाई कधी."

इथं मला पहिल्यांदा या प्रकरणात रस वाटायला लागला. पांढरी माती ती हीच. गावठाणाची माती, म्हणून आपल्याकडं वस्तीलाच पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. शेतातली काळी माती माळवदाला चालत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा टाकते. शेताला हेच हवं, कारण फुगताना ती पाणी धरते आणि त्या ओलीवर, वरून थेंब नसताना, थंडीच्या दवात आमची ज्वारी येते. पांढरी उलट. खारी, बारीक, फुगत नाही, भेगाळत नाही; वरचा पापुद्रा भिजला की गच्च बसतो आणि पाणी वरच्या वर निसटतं. एक माती पाणी धरणारी, एक पाणी परतवणारी. दोन्ही एकाच शिवारात, आणि दोन्हींवर आमचं चाललेलं.

नवी पांढरी आणायची तर जुन्या पडक्या वाड्याची किंवा गढीची. आम्ही चुलत्याच्या पडलेल्या वाड्याची घेतली. तात्यांनी चाळून घ्यायला लावली. चाळताना खापरं निघायला लागली तसा पुतण्या हरखला. तेर इथून फार लांब नाही. तिथल्या पांढरीच्या टेकाडांत सातवाहनांच्या काळच्या वस्तू मिळाल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा गावात सापडलेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्यांचंच आज तिथं सरकारी संग्रहालय आहे. आमच्या ढिगात एक फुटका चहाचा कप निघाला. पुतण्यानं तो तरीही धुऊन ठेवला.

त्या पंधरवड्यात माजघर उघडं, म्हणून आम्ही सगळे सोप्यावरच्या, म्हणजे पुढच्या पडवीवरच्या माळवदावर झोपायचो. सोप्याचं माळवद बरं होतं. पंधरा-वीस वर्षांनी वर झोपलो असेन.

दिवसा ४१ अंश. संध्याकाळी माय वर दोन घागरी पाणी शिंपडायची. माती सुर्र करून ते ओढून घ्यायची आणि जो वास सुटायचा त्यासाठी माझी बायको लातूरहून मुक्कामाला येऊन राहिली. रात्री दहाला मी सोप्यात खाली तापमापक ठेवला. ३३. त्याच वेळी लातूरच्या घरी थांबलेल्या मुलीनं फोटो पाठवला, वरच्या मजल्यावरच्या खोलीत पंखा फिरत असताना ३८. आणि वर माळवदावर? बारा-साडेबाराला वारं सुटायचं. पश्चिमेकडून, चढावरून, एकदम. आमचा भाग बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. हवेत ओल नसते, आभाळ मोकळं असतं, त्यामुळं दिवसाची तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते. पहाटे चारला गोधडी शोधावी लागायची. मे महिना तोंडावर आलेला आणि अंगावर गोधडी! हे मी मुंबईच्या मेहुण्याला सांगितलं तर त्याला खोटं वाटलं. त्याच्याकडं ३३ अंशाला माणूस निथळत असतो. आमच्याकडं ४१ ला घाम येतो तो येता येताच वाळतो, शर्टावर पाठीशी मिठाची पांढरी रेघ तेवढी उरते.

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशी-भूमच्या बाजूला आता पवनचक्क्या झाल्यात. रात्री त्यांचे लाल दिवे एकदम लागतात, एकदम विझतात. लहानपणी तिकडं मिट्ट काळोख असायचा. मायला ते दिवे आवडतात. मला नाही आवडत, पण तिच्यासमोर बोलत नाही.

वहिनी शनिवार-रविवार पुण्याहून आल्या होत्या. त्या मूळच्या चिपळूणच्या. माळवदाचं उतरवलेलं काम बघून म्हणाल्या, "भावजी, हे छप्पर आमच्याकडं पहिल्या आठवड्यात वाशिष्ठीला मिळालं असतं." खरंच आहे. त्यांच्याकडं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथं कौलं हवीत आणि तीही चांगली उताराची. आमच्याकडं सालाला सातशे-साडेसातशे, आणि तोही मोजक्या दिवसांत. बाकी सगळं वर्ष कोरडं. म्हणून तर मातीचं छत टिकतं. म्हणून बळदात धान्य राहतं, म्हणून आमच्या आजोबांपर्यंत लोक ज्वारी जमिनीत पेव खणून त्यात ठेवायचे आणि दोन-दोन वर्षांनी काढायचे. वहिनींचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडं होतं. त्यांनी सकाळी मायबरोबर कुरडया घातल्या आणि संध्याकाळी त्या खडखडीत वाळलेल्या बघून डब्यात भरल्या. "आमच्या आईच्या कुरडयांना चौथ्या दिवशी बुरशी," म्हणाल्या. दादाचे चार शर्ट धुऊन वर टाकले होते, ते चहा होईपर्यंत वाळले. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण आमच्या गावाबद्दल त्या असं मोकळेपणानं चांगलं बोलल्या त्या तेव्हा पहिल्यांदा.

मेच्या पहिल्या आठवड्यात नवी किलचणं बसली. कुजलेल्या दोन सरांच्या जागी नवे सर आले. किलचणांवर तरवडाच्या काटक्या, त्यावर लिंबाचा पाला, वाळवी लागू नये म्हणून, चांगला वीतभर. पाला दाबून बोटभर होतो. मग चिखल. तीन दिवस भिजत घातलेली माती, त्यात गव्हाचं भूस आणि शेण, आणि ती पायांनी तुडवायची. आम्ही सगळ्यांनी तुडवली. तात्या कडेला बसून सांगायचे, "टाचनं, टाचनं. नाचू नका."

तुडवताना आमचं एका गोष्टीवरून वाजलं. मला पाल्यावर प्लॅस्टिकचा जाड कागद घालायचा होता. तात्या ठाम. कागदाखाली ओल कोंडून राहील, किलचणं कुजतील, वाळवीला घर होईल. मी यूट्यूबवर बघून आलेला. शेवटी तडजोड झाली. सवण्याच्या भोवती, जिथं सगळ्यात जास्त गळायचं, तिथं तेवढा चार फुटांचा तुकडा घालायचा. तात्यांनी तो स्वतःच्या हातानं घातला नाही. मीच घातला.

चिखल वाळायला आठ-दहा दिवस कडक ऊन हवं. मे महिन्यात आमच्याकडं दुसरं काय असतं? तात्या म्हणाले, आठ दिवसांनी येतो, पांढरी टाकू, चोपू, की झालं. आणि गेले.

२०२५ चा मे ज्यांनी बघितला त्यांना पुढचं सांगायला नको. दुसऱ्या आठवड्यात आभाळ भरलं. आम्हाला वाटलं वळवाचा पाऊस, एक सर येऊन जाईल. वळवाचं कौतुकच असतं, ढगांचा गडगडाट, गारा वेचायच्या, तासाभरात मोकळं. तसा तो गेलाच नाही. रोज दुपारी यायचा, रात्री यायचा, मग दिवसभर राहायला लागला. ताडपत्र्या आणल्या, विटा ठेवल्या. एका रात्री वाऱ्यानं ताडपत्रीचा एक कोपरा सोडला, मधे पाणी साचून तिचं पोट खाली आलं, आणि मी, माय, दोन गडी काठ्यांनी खालून ते पोट वर ढकलत होतो. माजघरातली ज्वारीची पोती ओढून सोप्यात घेतली. उघड्या किलचणांतून चिखलाचे गोळे पडत होते. मायनं भांडी काढली नाहीत. "सात भांड्यांचं काम हाय का आता हे," म्हणाली आणि हसायला लागली. मला रडू येत होतं.

२४ मेला मान्सून केरळात पोचल्याची बातमी, २६ ला मुंबईत. आमच्या तालुक्यात शेतात काढून ठेवलेला उन्हाळी कांदा पाण्यात गेला. दादाचा फोन आला. तो काहीही बोलला नाही, "स्लॅब" हा शब्द त्यानं उच्चारलाच नाही, आणि त्याचं मला जास्त लागलं.

तात्या आले ते छत्री घेऊन. वर चढले, चिखलात बोट घातलं. एका कोपऱ्यातला चिखल पार वाहून गेला होता, बाकी मऊ पण जागेवर. "बहात्तरला माळवदावर माती टाकायची गरजच पडली न्हाई," म्हणाले. "आन् औंदा टाकायला सवड न्हाई." मग बिडी काढली. काड्या भिजल्या होत्या.

पण या हवामानाची एक खोड आहे, ती कधी कधी कामाला येते. धो धो आलेला पाऊस अचानक नाहीसा होतो. मेच्या अखेरीस मान्सून जो थबकला तो जूनचा पंधरवडा उलटेपर्यंत हललाच नाही. मृग लागला तो कोरडा. सगळा गाव आभाळाकडं बघत होता, पेरणी खोळंबलेली, आणि त्या सगळ्यांत एकटा मी देवाला म्हणत होतो, अजून चार दिवस थांब. चिखल वाळला. वाहून गेलेला कोपरा पुन्हा घातला. दोन दिवसांत पांढरी वर चढवली, सुतळीला गाठी मारून आठ इंच मोजले, पन्हाळाकडं उतार धरला. मग चोपणं. लाकडी चोपण्यांनी सहाजण ओळीत बसून, वर थोडं थोडं पाणी शिंपडत. धप धप असा तो आवाज लहानपणी उन्हाळ्याच्या शेवटी गल्लीगल्लीतून यायचा. आता आमच्याच घरातून येत होता, आणि शेजारची पोरं बघायला शिडीवर चढली होती.

उतार बरोबर आहे का ते बघायला तात्यांनी एक घागर पाणी वरच्या कडेला ओतलं. पाणी जरा घुटमळलं, मग बोटभर धार होऊन पन्हाळाकडं निघालं. तात्या त्याच्याबरोबर वाकून चालत गेले, गाईच्या मागं वासरू जावं तसे.

जून, जुलै, ऑगस्ट. माजघरात एक थेंब नाही. मायनं पितळी घागर घासून देवापुढं ठेवली.

खरी परीक्षा सप्टेंबरात होती. आमच्याकडं पाऊस उतरता असतो तेव्हाच कधी कधी सगळ्यात जोरात येतो. हत्ती पडला तर भिंती पडतील, असं जुनी माणसं हस्त नक्षत्राबद्दल म्हणतात ते उगीच नाही. २०२५ च्या सप्टेंबरात हत्तीची वाट बघायचीही गरज पडली नाही. परंडा, भूमकडं नद्या फुगल्या, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले. आमचं तीन एकर सोयाबीन उभ्या उभ्या काळं पडलं, शेंगांना जागेवर मोड आले. शेतात जाऊन आल्यावर माणूस घरी येऊन कुणाशी बोलत नव्हता. हवामानाचं कौतुक करणारं हे लिखाण त्या आठवड्यात कुणी मला वाचून दाखवलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

त्यातली एक रात्र मी गावात होतो. सलग पाऊस. मी बॅटरी घेऊन दर तासाला माजघरात फिरत होतो, एकेका किलचणावर उजेड मारत. तिरप्या आधारांवरच्या पट्ट्या चमकायच्या. माय पडल्या पडल्या म्हणाली, "झोप की आता. गळालं तर मला ऐकू येईल." मी पडलो. तासाभरानं तिनंच हाक मारली. "आला बग आवाज."

टप. सवण्याजवळ. मी लावलेल्या प्लॅस्टिकच्या कडेनं पाणी गोळा होऊन नेमकं तिथून उतरत होतं. बाकी सगळं माळवद कोरडं. पितळी घागर देवापुढून पुन्हा खाली आली.

तात्यांना मी फोन करून सांगितलं नाही. त्यांना कळलं ते मायकडून, बाजारात. दसऱ्यानंतर घरी आले, वर न चढता चहा घेतला आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात तेवढा तुकडा काढू. तूच काढ, मी न्हाई हात लावत."

ऑक्टोबरात ऊन तापलं. मी गवत उपटायला वर गेलो. चार महिन्यांत गुडघाभर गवत आलं होतं. चोपलेली माती त्याच्या मुळांखाली टणक होती. नखानं खरवडून बघितली, आत कोरडी. कडेला, पन्हाळाजवळ जिथं जरा ओल टिकते तिथं, तांदूळजा उगवला होता. लुसलुशीत, दोन जुड्या होतील एवढा. मी तो गवताबरोबर उपटणार तेवढ्यात मायचा खालून आवाज आला.

"मुळं राहू दे. नुसतं वरचं खुड, अजून एकदा येईल."

खुडलं. तिनं लसूण घालून भाजी केली, ज्वारीच्या भाकरीबरोबर. दादाला फोटो पाठवला. त्यानं विचारलं, ही भाजी कुठून आणली. मी लिहिलं, वरून.